रद्दी बांधण्याआधी

आज बोलू चित्रकथांबद्दल, म्हणजे आपल्या कॉमिकबद्दल.

१९५२ साली 'चांदोबा' मराठीत आला. त्यात गोष्ट लांब, चित्रं मोजकी. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स निघालं, वेताळ मराठी बोलू लागला आणि चित्रच गोष्ट सांगू लागलं. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्र कथा सुरू केली. झाशीची राणी त्यातूनच कितीजणींना भेटली.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. पण गावातल्या पोरीला तिथवर कोण नेणार? कॉमिक मात्र बाजाराच्या पिशवीतून घरी यायचं. भावाचं वाचून झालं की आपल्या हाती, मग शेजारी. अक्षर जुळवत वाचणाऱ्या आईलाही चित्रांच्या आधारानं गोष्ट कळायची. पानं सुटली की सुईदोऱ्यानं शिवायची. जपायचं ते पुन्हा वाचण्यासाठी.

पुढं घरोघरी टीव्ही आला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. अंक किलोवर रद्दीत गेले, म्हणून उरलेले आता दुर्मिळ झाले. हौशी संग्राहक छापील किमतीच्या कितीतरी पट मोजतात आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. मुलं मोबाइलवर चित्रं बघतात, ज्याची त्यानं, एकेकटी.

दिवाळीच्या आवराआवरीत घरात काय राहणार, काय जाणार, हे आपणच ठरवतो. तेव्हा रद्दी बांधण्याआधी ट्रंक बघा. जुने अंक सापडले तर बचत गटाच्या बैठकीला आणा. एक पेटी करू, वहीत नोंद ठेवू आणि आयांबरोबर येणाऱ्या पोरींच्या हाती देऊ. फाटलं तर शिवायला आपण आहोतच.