सावरपाडा एक्स्प्रेस आणि ०.९७ सेकंद

मी देवळ्याचा. आमच्याकडे कांदा, आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, हरसूलकडे, कविता राऊतचं सावरपाडा. २०१० साली मी सातवीत होतो. तिला ब्राँझ मिळालं तेव्हा शाळेत आठवडाभर सगळी पोरं नुसती पळत होती.

डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरची मुलगी, सुरुवातीला अनवाणीच धावायची. नाशिकला विजेंदर सिंग सरांनी तिला घडवलं. पुढे ज्युनियर, नॅशनल आणि मग ऑक्टोबर २०१०, दिल्ली कॉमनवेल्थ. १०,००० मीटर, म्हणजे ट्रॅकचे २५ फेरे. वेळ ३३:०५.२८, पुढे दोघी केनियाच्या. कॉमनवेल्थमध्ये ट्रॅकवर भारतीय महिलेचं हे पहिलं वैयक्तिक पदक.

सगळ्यांना हेच आठवतं. मला मात्र त्यानंतरची रेस भारी वाटते.

सहाच आठवड्यांनी चीनमध्ये ग्वांगझूला आशियाई स्पर्धा. तेच अंतर, वेळ ३१:५१.४४. जवळजवळ ७४ सेकंद कमी! आम्ही ऑफिसात कोड थोडा फास्ट केला तरी पार्टी मागतो, बरं का.

तरीही सिल्व्हरच. गोल्ड केरळच्या प्रीजा श्रीधरनला, ३१:५०.४७. फरक ०.९७ सेकंद. मी हिशोब केला: त्या वेगाने ते जेमतेम पाच मीटर होतात. दहा किलोमीटर पळून झाल्यावर शेवटी निकाल लागला तो स्प्रिंटवर.

२०१२ ला अर्जुन पुरस्कार, २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन. पण ग्वांगझूची ती रेस एकदा बघाच, शेवटचा फेरा तर आवाज वाढवून.