गावकीपासून फॅसिलिटी मॅनेजमेंटपर्यंत : झाडू तोच, वतन नवे

मागच्या हिवाळ्यात आम्ही बारामती-इंदापूरचे पाच कार्यकर्ते पुण्याला एका परिषदेला गेलो होतो. परिषद चळवळीची नव्हती. तिथे ना निळा झेंडा होता, ना बुद्धवंदना. ती होती 'फॅसिलिटी मॅनेजमेंट' करणाऱ्या व्यावसायिकांची, म्हणजे इमारती, कारखाने, दवाखाने, मॉल सांभाळण्याचा ठेका घेणाऱ्यांची आणि देणाऱ्यांची. आम्हाला तिथे नेले ते आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या एका मुलाने. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराचा सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "एकदा येऊन बघा. मी काय काम करतो ते मला घरी नीट सांगता येत नाही. तुम्हीच बघून सांगा."

सभागृहात फरशी पुसणारी यंत्रे होती, हजेरीची ॲप होती, रसायनांचे स्टॉल होते. व्यासपीठावर ठेकेदार कंपन्यांचे प्रमुख आणि मोठ्या उद्योगांचे अधिकारी होते. 'मनुष्यबळाची गळती', 'खर्चात बचत', 'ग्राहकाचे समाधान' यावर भाषणे झाली. सफाई कामगारांना 'स्वच्छतेचे योद्धे' म्हणून टाळ्याही पडल्या. योद्धा मात्र एकही आत नव्हता.

योद्धे बाहेर होते. जेवणाच्या सुट्टीत स्वच्छतागृहापाशी निळ्या गणवेशात एक बाई मॉप घेऊन उभी होती. आमचे बोलणे ऐकून तिने विचारले, "कुठलं गाव?" आम्ही सांगितले. ती निघाली निमगाव केतकीच्या बाजूची. मग तिने विचारले, "आत काय चाललंय?" आम्ही म्हणालो, "तुमच्याच कामाबद्दल बोलतायत." ती म्हणाली, "आमच्या कामाचं व्हय? मग आम्हाला कुणी हाक न्हाय मारली ती."

या एका वाक्यावर हा लेख आहे. कारण हा प्रश्न त्या बाईचा एकटीचा नाही आणि तो आजचाही नाही. ज्याचे काम, त्यालाच बोलावणे नाही, याला या देशात फार जुना इतिहास आहे.

गावची 'फॅसिलिटी' कोण सांभाळत होते?

परिषदेत एका वक्त्याने सांगितले की हा व्यवसाय अगदी नवा आहे. या व्यवसायाची आंतरराष्ट्रीय संघटना अमेरिकेत १९८० साली स्थापन झाली आणि त्याचे आयएसओ मानक २०१८ मध्ये आले, हे खरे आहे. पण काम नवे आहे का?

आपल्या आजोबा-पणजोबांना विचारून बघा. गावची चावडी कोण झाडत होते? वेशीवर रात्रभर पहारा कोण देत होते? सारा तालुक्याला पोचवायचा, मामलेदाराच्या घोड्याला चारा-पाणी करायचे, मयताचा सांगावा परगावी न्यायचा, मेलेले जनावर ओढायचे, गावच्या शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची. आजच्या भाषेत हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कुरिअर, कचरा व्यवस्थापन आणि जमिनीची नोंद असे पाच विभाग झाले. हे पाचही विभाग सांभाळणारा एकच माणूस होता, गावचा महार. ज्याची येसकर-पाळी असेल त्याने घोंगडी-काठी घेऊन हजर व्हायचे. मोबदला काय? थोडी हाडकी-हाडोळ्याची जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकर.

या व्यवस्थेला १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने सरकारी शिक्का मिळाला. त्याचे बारकावे पहिल्यांदा कायदेमंडळात उलगडून दाखवले ते बाबासाहेबांनी. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. कामाला वेळ नाही, कामाची यादी नाही, एक नोकर नेमला असला तरी सारे घरच राबायला बांधलेले, आणि मजुरी द्यायची ती सरकारने नव्हे तर रयतेने, तीही तिच्या मर्जीने. काम सरकारचे, पगार देणारा तिसराच. ही रचना नीट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

ते विधेयक मंजूर झाले नाही. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. त्याआधी कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतन रद्द केले होते. बाकी महाराष्ट्राला मात्र १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्याच्या कायद्यापर्यंत थांबावे लागले. तोवर बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते. पण धम्मदीक्षा घेतलेल्या वस्त्यांनी कायद्याची वाट पाहिली नाही. १९५६ नंतर गावोगाव मेलेली ढोरे ओढणे थांबले, येसकर-पाळी थांबली. बहिष्कार सोसले, पण गावकी टाकली. आमच्या इंदापूर-बारामतीच्या वाड्या-वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे या आठवणी आजही आहेत. त्या लिहून घेण्याचे काम आपण अजून नीट केलेले नाही.

मनमाड : कामगारांची परिषद कशी असते

कामाच्या परिषदा आपल्याला नव्या नाहीत. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. अध्यक्ष स्वतः बाबासाहेब होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी तिथेच सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार, हा खुलासाही त्याच भाषणातला. हे वाक्य आपण पोस्टरवर छापतो. पण त्या भाषणाचा तपशील कमी वाचतो.

तपशील असा की अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टरची जागा मिळत नाही, कारण स्टेशन मास्तरच्या घरची कामेही पोर्टरलाच करावी लागतात आणि मास्तरला घरात अस्पृश्य चालत नाही. कापड गिरणीत चांगला पैसा विणखात्यात, तिथेही त्याला दार बंद, कारण धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो. म्हणजे कामगार म्हणून सगळे एक, हे घोषणेत ठीक. प्रत्यक्षात कामाच्या उतरंडीत जातीची उतरंड बसवलेली होती.

मनमाडला आणि पुण्याच्या सभागृहात फरक एवढाच की मनमाडला काम करणारा समोर बसला होता आणि त्याच्याच दुःखाचा हिशेब मांडला जात होता. पुण्यात त्याच्या कामाचा दर ठरत होता आणि तो बाहेर पाण्याची बादली घेऊन उभा होता.

पुढे जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत त्रिपक्षीय कामगार परिषद भरली. त्रिपक्षीय म्हणजे सरकार, मालक आणि कामगार, तिघे एका टेबलाला. आज आपल्याला हे साधे वाटते, पण कामगाराला विचारल्याशिवाय कामगाराचा कायदा करायचा नाही, हे तत्त्व त्यातून रुजले. १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले आणि त्याचा कायदा १९४८ ला झाला. बारमाही कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या दुरुस्तीने आली. निमगाव केतकीच्या त्या बाईचा प्रश्न म्हणजे या त्रिपक्षीय तत्त्वाचीच मागणी आहे. तिला ते नाव ठाऊक नसेल, एवढेच.

कायदा आला, आणि गेला

आता ठेक्याकडे येऊ. १९७० साली कंत्राटी कामगार नियमन व निर्मूलन कायदा झाला. त्यातल्या कलम १० चा अर्थ असा की जे काम बारमाही आहे, तिथे सरकार कंत्राटी पद्धत बंद करू शकते. झाडलोट बारमाही नाही असे कोण म्हणेल? ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणे, साफ करणे, धूळ पुसणे आणि पहारा यासाठी कंत्राटी कामगार ठेवायचे नाहीत. नीट पाहा, चावडी झाडणे आणि वेशीचा पहारा! गावकीचीच कामे कायद्याच्या भाषेत आली होती, आणि या वेळी ती पक्क्या नोकरीकडे निघाली होती.

मुंबई विमानतळावरच्या सफाई कामगारांनी याच अधिसूचनेवर लढा दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. के. रामस्वामी यांच्या खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला की कंत्राट बंद झाले तर कामगार थेट मुख्य मालकाचा होतो. पाचच वर्षे टिकला तो निकाल. ३० ऑगस्ट २००१ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात तो फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. कामगार आपोआप कायम होत नाही, एवढेच नव्हे तर कंत्राट हा नुसता देखावा आहे हे त्यानेच औद्योगिक न्यायाधिकरणासमोर सिद्ध करायचे.

आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने शेवटची खुंटी ठोकली. कंत्राटी कामगार आस्थापनेच्या 'मुख्य कामात' ठेवता येणार नाही, असे ती म्हणते. पण मुख्य काम म्हणजे काय? झाडणे, पुसणे, कचरा उचलणे, पहारा, उपाहारगृह ही कामे सर्वसाधारणपणे मुख्य नाहीत, असे त्याच संहितेत लिहिले आहे. शिवाय तिच्या कंत्राटविषयक तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू. १९७० च्या कायद्यात हा आकडा २० होता.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की जात म्हणजे केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचे निदान. ते इथे उघडे दिसते. दवाखाना झाडल्याशिवाय एक दिवस चालत नाही, तरी झाडणे 'मुख्य' नाही. गाव महाराशिवाय एक दिवस चालत नव्हते, तरी महार गावात नव्हता, गावकुसाबाहेर होता. आणि पगार? काम कंपनीचे, पगार देणारा तिसराच. १९२८ चा हिशेब पुन्हा समोर आला की नाही?

"आता तर सगळ्याच जातीचे येतात"

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याच मुलांकडून येतो. परिषदेतून परतताना गाडीत त्या सुपरवायझर मुलाने तो घेतला. तो म्हणाला, "माझ्या हाताखाली मराठा आहेत, धनगर आहेत. यंत्रे आहेत, हातमोजे आहेत. ही गावकी कशी?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. आमच्या भागात उसाच्या पट्ट्याला लागून एमआयडीसी वाढली, कोरडवाहू घरांतल्या सगळ्याच जातींच्या बाया या कामाला लागल्या. त्यांचे शोषण हेही शोषणच आहे, आणि मनमाडला सांगितलेला दुसरा शत्रू तो हाच. पण घाणीच्या जितके जवळ जावे तितकी जात स्पष्ट होत जाते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले की हाताने मैला साफ करणाऱ्या ज्या ४३,७९७ जणांची जात नोंदली गेली, त्यातले ४२,५९४ अनुसूचित जातींचे होते. शंभरात ९७. मग आम्ही त्याला एकच विचारले, "तुझ्याकडे रिसेप्शनला कोण बसते आणि तुंबलेले चेंबर उघडायला कोणाला हाक मारतोस?" तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "चेंबरला आपल्यातलाच लागतो. आणि हाक मीच मारतो."

त्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याचा पगार त्याच हाकेवर अवलंबून आहे. मुकादम हा ठेक्याच्या साखळीतला सगळ्यात जवळचा माणूस, म्हणून तो आपल्यातलाच निवडतात. ऊसतोडीतही तसेच, जुन्या गिरण्यांतल्या जॉबरचेही तसेच. प्रश्न असा आहे की तो मुकादम कोणाच्या बाजूने उभा राहणार.

मग करायचे काय?

पहिले, हे काम सोडा असा उपदेश पगार न देता करू नये. गावकी टाकताना आपल्या माणसांनी उपास काढले, पण पाठीशी संघटना आणि शिक्षणाची वाट होती. दुसरे, वारसा हक्काने मिळणाऱ्या सफाईच्या नोकरीवर आपण मोकळेपणाने बोलले पाहिजे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी अनेक घरे तगली, हे मान्य. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती जाणे हे वतनाचेच सूत्र आहे. वारसाला नोकरी मिळावी, पण त्याच्या शिक्षणाप्रमाणे वेगळ्या पदावर मिळावी, ही मागणी हवी.

तिसरे, लढता येते आणि जिंकता येते. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेतले कंत्राट हा देखावा आहे हे न्यायाधिकरणात सिद्ध केले. २०१४ चा तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला आणि २,७०० कामगारांचा कायम होण्याचा हक्क मान्य झाला. हे कशाच्या बळावर? हजेरीपत्रक, ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, कोणाचा साहेब हुकूम देतो याच्या नोंदी. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, हे जुन्या कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. हे आपल्या किती बायांना माहीत आहे?

चौथे, महाराष्ट्राकडे स्वतःचा नमुना आहे. माथाडींसाठी १९६९ चा कायदा, खासगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा. दोन्हीत त्रिपक्षीय मंडळ आहे, ज्यात कामगारांचे प्रतिनिधी बसतात. पहारा देणाऱ्याला मंडळ मिळू शकते, तर त्याच दारात झाडणारीला का नाही? सफाई कामगार मंडळाची मागणी आपण बारामतीतून, इंदापुरातून उचलू शकतो.

त्या परिषदेनंतर तो सुपरवायझर मुलगा दर रविवारी विहारात येतो. तो आपल्या साइटवरच्या कामगारांच्या पावत्या तपासतो, भविष्य निर्वाह निधीचे खाते मोबाइलवर कसे बघायचे ते बायांना शिकवतो. पहिल्याच रविवारी तिघींच्या खात्यात काही महिन्यांचा भरणाच नाही असे निघाले. त्याचे पुढे काय करायचे, त्यात त्याची नोकरी राहील की जाईल, यावर आमची चर्चा चालू आहे. ठेका त्याच्या मालकाचा आहे आणि सही त्याची आहे.

पुढची बैठक कामगारांची असेल. या वेळी हाक त्यांनाच आधी जाईल.

जय भीम!