तुरीचा ‘वांझ’ रोग : गुन्हेगार सापडण्याआधी सापडलेला उपाय

अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील, चिखली–खामगाव रस्त्यावरचे गाव. या पट्ट्यात तूर सहसा एकटी पेरली जात नाही. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास, ही तिची वहिवाटीची जागा. सोयाबीन घरी गेले तरी ती शेतात उभीच असते आणि पुढे थंडीत शेंगा भरते. अशा वेळी एखादे झाड वेगळे दिसते. आजूबाजूची तूर शेंगांनी लगडून पिवळी पडत असते. हे झाड मात्र हिरवे, दाट, झुडपासारखे. पाने बारीक, त्यांवर फिक्या आणि गडद हिरव्या रंगाचे चट्टे. फूल एकही नाही.

शेतकऱ्यांनी या रोगाला ‘वांझ’ हे नाव दिले. शब्द कठोर आहे, पण लक्षण अचूक पकडणारा आहे. शास्त्रीय भाषेतले ‘स्टरिलिटी मोझॅक’ याहून वेगळे काही सांगत नाही. ‘मर’ रोगाने तूर वाळते, तेव्हा नुकसान लांबूनही दिसते. वांझ रोगाचे झाड मरत नाही. ते शेवटपर्यंत तजेलदार राहते आणि काढणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती फक्त तुराटी ठेवते. याच फसव्या हिरवेपणामुळे या रोगाला ‘हिरवा प्लेग’ असेही म्हटले गेले.

तूर हे या भूमीचे पीक आहे. तिचा रानटी पूर्वज आजही पूर्व भारतातील जंगलांत आढळतो. वऱ्हाडापुरते बोलायचे, तर अमरावती जिल्ह्यातील तुळजापूर गढी येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात तुरीचे जळके दाणे मिळाले आहेत. म्हणजे वरणाची परंपरा लिखित इतिहासाहून जुनी आहे. रोगाची लेखी नोंद मात्र फार अलीकडची. बिहारमधील पुसा येथील इंपीरियल कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मित्रा यांनी १९३१ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले. त्याआधी हा रोग नव्हता, असे यावरून म्हणता येणार नाही. ज्या झाडाला शेंग धरत नाही, त्याची दखल महसुलाचे कागद घेत नसत.

रोगाचे कारण काय, हा प्रश्न पुढे पुण्यात आला. त्या काळी मुंबई प्रांतात वनस्पतींच्या विषाणूंचा अभ्यास करणारी एक उत्तम फळी उभी राहिली होती. उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी १९४० मध्ये भेंडीच्या पिवळ्या शिरांच्या रोगाचे विवेचन केले. वेलदोड्याच्या ‘कट्टे’ रोगावरही त्यांनीच काम केले. भेंडीचा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि वेलदोड्याचा मावा, हे या काळातल्या संशोधनातून स्पष्ट झाले. कीटक पिकाचा किती रस शोषतो, यापेक्षा तो सोंडेतून काय वाहून नेतो, हा प्रश्न आता महत्त्वाचा झाला होता. पूर्वीच्या कीडशास्त्राला ही नजर नव्हती. पाने कुरतडणारी अळी मोजता येते. रसासोबत आत शिरणारा विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही.

याच फळीतील कपूर यांनी १९५२ मध्ये मुंबई राज्यातील तुरीच्या वांझ रोगावर निबंध प्रसिद्ध केला. रोगी झाडाचे कलम निरोगी झाडावर बांधले की निरोगी झाडही वांझ होते, हे त्यांनी दाखवले. बुरशी नाही, जिवाणू नाही, जमिनीचा दोषही नाही. तेव्हा हा विषाणूच असला पाहिजे, असा तो तर्क होता.

येथे नकाशाकडे एकदा पाहायला हवे. १९५२ मध्ये पुणे मुंबई राज्यात होते, अमडापूर वऱ्हाडासह मध्य प्रदेशात, आणि शेजारचे जालना हैदराबाद राज्यात. एकाच पठारावरची एकच तूर तीन सरकारांच्या तीन कृषी खात्यांत वाटली गेली होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे सारे भाग प्रथम एका द्विभाषिक राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. रोगाच्या वाहकाला अर्थातच यातले काही ठाऊक नव्हते. तो वाऱ्यावर जात होता.

तो वाहक १९६२ मध्ये सापडला. सेठ यांनी दाखवून दिले की हे काम पांढऱ्या माशीचे नाही, माव्याचेही नाही. ते एका सूक्ष्म कोळ्याचे आहे. पुढे १९६६ मध्ये चन्नबसवण्णा यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो ‘असेरिया कजानी’ या नावाने ओळखला जातो. काटेकोर बोलायचे तर हा कीटकच नव्हे. कीटकाला सहा पाय, साध्या कोळ्याला आठ. याला फक्त चार. लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे असे पाच कोळी एकापुढे एक ठेवले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तो पानाच्या खालच्या बाजूला राहतो, तेथेच अंडी घालतो आणि दोन आठवड्यांच्या आत त्याची एक पिढी पूर्ण होते. त्याच्या खाण्याने तुरीचे म्हणावे असे काही बिघडत नाही. पंख नाहीत, चालून फार लांब जाणे शक्य नाही. तरी वारा त्याला या शेतातून त्या शेतात नेऊन सोडतो.

पुढील प्रयोगांत त्याची कार्यपद्धती उलगडली. रोगी पानावर पंधरा मिनिटे घालवली तरी तो विषाणू उचलू शकतो आणि निरोगी पानावर दीड तास मिळाला तर तो सोडू शकतो. एका झाडावर पाचांहून अधिक बाधित कोळी पोहोचले, तेव्हा प्रयोगातले प्रत्येक झाड रोगी झाले. बियाण्यातून हा रोग जात नाही. मग उन्हाळ्यात, शेते मोकळी असताना, तो राहतो कोठे? उत्तर धुऱ्यावर आहे. बांधाच्या कडेला राखलेले तुरीचे जुने झाड, कापणीनंतर फुटलेला खोडवा, सांडलेल्या दाण्यांतून उगवलेली रोपे, ही त्या कोळ्याची उन्हाळी घरे. हा कोळी तूर आणि तिचे मोजके रानटी भाऊबंद सोडून सहसा कोठे नांदत नाही. त्यामुळे त्याचा आणि तुरीचा सहवास फार जुना असावा, असे मानायला जागा आहे.

वाहक सापडला, पण विषाणू सापडेना. रोगी पानाच्या रसातून तो निरोगी तुरीत उतरवता येत नव्हता आणि शुद्ध स्वरूपात वेगळाही करता येत नव्हता. काहींनी तर तो विषाणू आहे की नाही, याचीच शंका घेतली. दरम्यान नुकसान थांबले नव्हते. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७५ ते १९८० या काळात देशभर केलेल्या पाहणीवरून या एका रोगामुळे दरवर्षी सुमारे २ लाख ५ हजार टन तूर हातची जाते, असा अंदाज १९८४ मध्ये मांडला गेला. सर्वाधिक फटका बिहार, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला होता. महाराष्ट्रात ‘मर’ अधिक भारी होता.

इक्रिसॅटची स्थापना १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे झाली. ग्वाल्हेरला जन्मलेले यशवंत लक्ष्मण नेने १९७४ मध्ये तेथे आले. भाताचा ‘खैरा’ रोग हा रोग नसून जस्ताची कमतरता आहे, हे त्यांनी आधीच पंतनगरला सिद्ध केले होते. वांझ रोगाचा विषाणू दिसत नसला तरी त्याला दाद न देणारी तूर शोधता येईल, हा विचार नेने आणि त्यांचे सहकारी रेड्डी यांच्या कामामागे होता. अडचण होती ती हजारो वाणांना खात्रीने रोग लावण्याची. त्यांनी १९७६ मध्ये मांडलेली युक्ती कमालीची साधी होती. रोगी झाडाचे पान निरोगी रोपाच्या पानावर दुमडायचे आणि कार्यालयात कागद टाचतात त्याच स्टेपलरने टाचायचे. रोगी पान सुकू लागले की कोळी आपोआप ताज्या पानावर उतरतात. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही. विसाव्या शतकात कडधान्यांच्या संशोधनात इतके स्वस्त आणि इतके उपयोगी पडलेले साधन क्वचितच सापडेल.

या चाचण्यांत टिकलेल्या तुरीचे रक्त मग स्थानिक वाणांत मिसळले गेले. अमडापूरहून चिखली, देऊळगाव राजा, जालना असा रस्ता धरला की पुढे बदनापूर लागते. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या तेथील संशोधन केंद्राने ‘बीएसएमआर ७३६’ हा लाल तुरीचा आणि नंतर ‘बीएसएमआर ८५३’ हा पांढऱ्या तुरीचा वाण दिला. पहिला वाण विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला. ‘मर’ आणि ‘वांझ’ या दोन्ही रोगांना तो दाद देत नव्हता. ‘बीएसएमआर’ या अक्षरांचा अर्थ ‘बदनापूरचा स्टरिलिटी मोझॅक-प्रतिरोधक’ असा आहे. रोगाचे नाव बियाण्याच्या पिशवीवर छापले गेले, तेव्हा त्या रोगाचा विषाणू अजून कोणी पाहिला नव्हता.

तो पाहिला गेला २००० च्या सुमारास. इक्रिसॅटचे लावा कुमार व डी. व्ही. आर. रेड्डी आणि स्कॉटलंडचे जोन्स यांच्या गटाने रोगी पानांतून अतिशय बारीक, वळणावळणाचे धागेदार कण वेगळे केले. तंबाखूच्या जातकुळीतल्या एका झाडावर रसातून रोग उतरवण्यातही त्यांना यश आले. मित्रा यांच्या नोंदीला तोवर सुमारे सत्तर वर्षे झाली होती. २०१४ मध्ये त्याची जनुकीय रचना वाचली गेली आणि लगेचच कळले की विषाणू एक नसून दोन आहेत.

यातून एका जुन्या कोड्याचाही उलगडा होऊ लागला. एका ठिकाणी तग धरणारा वाण दुसऱ्या ठिकाणी का झुकतो? पाटणचेरूचा विषाणू आणि बेंगळुरूचा विषाणू सारखे वागत नाहीत. बेंगळुरूचा अधिक घातक आहे आणि पाटणचेरूला टिकणारे अनेक वाण त्याच्यापुढे टिकत नाहीत. म्हणून बदनापूरच्या त्या वाणांनंतरही पैदास थांबलेली नाही. चिखली तालुक्यातील तुरीच्या तासांत वांझ झाड दिसलेच, तर वय पाहावे लागते. पेरणीपासून पहिल्या दीड महिन्यात लागण झालेले झाड जवळजवळ काहीच देत नाही. उशिरा लागण झालेल्या झाडाच्या काही फांद्यांना शेंगा धरतात. लवकर ओळखलेले झाड शेतकरी मुळासकट उपटून दूर नेऊन टाकतो, आणि धुऱ्यावरचे जुने झाडही पावसाळ्यापूर्वी काढतो.