अडीच बाय चार इंचांची देवी

कॅसेटच्या डबीत जो छापील कागद असायचा, त्याची पुढची बाजू साधारण अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच. म्हणजे आपल्या मोबाईलच्या स्क्रीनपेक्षाही लहान. एवढ्याशा जागेत देवी, गायकाचा फोटो, कंपनीचा शिक्का आणि संचाचं नाव बसवायचं, तेही जत्रेच्या गर्दीत चार-पाच हातांवरून नजरेत भरेल असं. रॉक संगीताच्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर इंग्रजीत पुष्कळ लिहिलं जातं. आमच्या भागात गाणं विकायला बसलेलं मुखपृष्ठ म्हणजे हा कागद.

येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावर, कळंब तालुक्यात. बालाघाटच्या डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ आहे. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते, पालखी खाली आमराईत येते आणि लोक शेतात चुन्याचे खडे वेचतात. यात्रेत बांगड्या, परड्या, कवड्यांच्या माळा आणि देवीच्या तसबिरी यांच्या शेजारी गाण्यांच्या कॅसेटा मांडलेल्या असायच्या. त्या कव्हरांकडे नीट पाहिलं की एक प्रश्न पडतो: गाणं विकताना कोणाचा चेहरा पुढे येतो आणि कोणाचं नाव मागे राहतं?

सुरुवात थोडी मागून करू. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीसाठी गौहरजान गायली. त्या काळच्या तिच्या ध्वनिमुद्रिकांमध्ये गाणं संपताना ती स्वतःचं नाव उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि कुठलं गाणं कोणाचं हे तिथल्या माणसांना कळावं, अशी ती सोय होती. तबकडीच्या मधोमध लेबल असायचं. पण बाहेरचं पाकीट बराच काळ कंपनीचंच राहिलं: साधा कागद, मध्ये गोल भोक, त्यातून लेबल वाचायचं. आत कोणीही गायलेलं असो, बाहेर ब्रँड तोच. अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने १९४० मध्ये अल्बमसाठी खास चित्र असलेलं आवरण केलं, आणि आतल्या संगीताचा स्वभाव बाहेर दिसावा ही कल्पना रुजायला लागली.

आपल्याकडे ती कल्पना खेड्यापर्यंत पोचली ती कॅसेटमुळे. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये आणली, पण भारतात तिचा खरा पसारा वाढला तो ऐंशीच्या दशकात. रेकॉर्ड काढायची तर मोठी कंपनी लागायची. कॅसेटच्या प्रती काढणं त्या मानाने स्वस्त होतं. त्यामुळे लहान कंपन्या निघाल्या आणि त्या त्या भागातली गाणी त्या त्या भागातल्या लोकांना विकू लागल्या. पीटर मॅन्युएल या संशोधकाने १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल सविस्तर मांडला आहे. महाराष्ट्रात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घरोघरी पोचवण्यात कॅसेटचा मोठा वाटा आहे.

आता देवीच्या गाण्यांचं कव्हर बघा. मधोमध देवीचा मुखवटा, डोळे मोठे आणि थेट तुमच्याकडे बघणारे. मागे हळदीचा पिवळा, अक्षरं कुंकवाच्या लाल रंगाची, त्यांना पांढरी किनार. ही किनार हौसेची नाही. लाल अक्षरं गडद चित्रावर बुडतात. पांढरी कड दिली की लांबूनही सुटी दिसतात. कोपऱ्यात गोल चौकटीत गायक, हात जोडलेला. पोत, परडी, कवड्यांची माळ यांपैकी काहीतरी हवंच, कारण ते दिसलं की वाचता न येणाऱ्या माणसालाही कळतं की ही आराधी गीतं आहेत, भारूड नाही. गिऱ्हाईक देव्हाऱ्यातल्या तसबिरीवरून देवी ओळखतं, म्हणून चित्रही तसबिरीसारखंच. नवं काही दाखवण्यापेक्षा ओळखीचं दाखवणं, हा इथला नियम.

‘रोलिंग स्टोन’ मासिकाचा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ मध्ये निघाला, तेव्हा मुखपृष्ठावर जॉन लेनन होता. तंत्र तेच: ओळखीचा चेहरा पुढे करा, माणूस थांबतो. फरक एवढाच की तिथला चेहरा संगीतकाराचा होता, इथे देवीचा. देवी मानधन मागत नाही आणि दरवर्षी नव्या संचावर तिचाच चेहरा चालतो. गायक बदलला तरी कव्हर फारसं बदलावं लागत नाही.

आमच्या घरी अशा कॅसेटांचा एक डबा आहे. टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला. एका कव्हरची घडी उलगडली तर आत गायकाचं नाव आहे, संगीत संयोजकाचं आहे, ‘गीत’ या शब्दापुढे ‘पारंपरिक’ आणि शेवटी नुसतं ‘कोरस’. माझी आजी आराधी मेळ्यात गायची. त्यातली गाणी मी तिला मोबाईलवर शोधून ऐकवली, तर ती म्हणाली, “ह्यी मागनं झील धरणारी ढोकीची हाय. आवाज वळखू येतो की.” कागदावर जिला नाव नाही, तिचं गावसुद्धा आजीच्या कानाला माहीत होतं.

कायद्यानेही ही जागा रिकामीच ठेवली. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात ५२-अ हे कलम आलं. कॅसेटवर आणि तिच्या डबीवर ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रसिद्धीचं वर्ष छापणं सक्तीचं झालं. कंपनीचा पत्ता बंधनकारक. गाणारणीचं नाव या कलमात नाही. ‘पारंपरिक’ गाणं कोणाच्याच मालकीचं नसतं, पण त्याचं ध्वनिमुद्रण मालकीचं असतं. आराधणींनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं गाणं कॅसेटवर गेलं, की त्या कॅसेटपुरता मालक ठरला.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा मेटाडेटाचा प्रश्न आहे. डेटाबेसमध्ये जो रकाना भरला नाही, त्यावरून शोध लागत नाही आणि पैसेही वाटता येत नाहीत. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा हक्कधारकांनी दिलेल्या फाइलींशी आवाज ताडून बघते. ज्यांच्याकडे फाइल आहे त्यांचा दावा तिथे नोंदवला जातो. ज्यांच्याकडे फक्त गळा आहे, त्यांच्यासाठी तिथे रकाना नाही.

आज येडेश्वरीची गाणी यूट्यूबवर आहेत. थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं, पण हातातल्या फोनवर दिसतं ते कॅसेटच्या कव्हराएवढंच. पिवळा, लाल, पांढरी किनार, मोठे डोळे, सगळं तसंच. फक्त उभं होतं ते आडवं झालं. एक गोष्ट मात्र गेली. कॅसेटच्या कागदाला घडी होती, आत दोन नावं तरी सापडायची. थंबनेलला आतली बाजू नसते.

तिची जागा आता व्हिडिओखालच्या वर्णनाने घेतली आहे. तिथे पाच हजार अक्षरं मावतात. अडीच इंची कागदावर एवढी जागा कधीच नव्हती. गावातल्या मेळ्याचा व्हिडिओ टाकताना मी आता तिथे झील धरणाऱ्या प्रत्येकीला विचारून तिचं नाव आणि गाव लिहितो. तुमच्या फोनमध्येही एखादा मेळा रेकॉर्ड करून ठेवलेला असेल. त्यातल्या आवाजांची नावं सांगणारी आजी अजून असेल, तर आजच विचारून घ्या.