बाहुल्याचं कूळ

टिली नॉरवूड ही संगणकाने घडवलेली नटी 2025च्या सप्टेंबरात झुरिकमध्ये पुढे आली, आणि हॉलिवूडच्या नटांच्या संघटनेने तिला नटी म्हणायलाच नकार दिला. हा वाद ऐकताना मला आधी सांगली आठवते.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली तिथे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक रंगवलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. हेच भावे लाकडी बाहुल्याही घडवत, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्या बाहुल्या पुढे बाहुलीकार रामदास पाध्ये यांनी दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या. मराठी नट आणि मराठी बाहुला असे एकाच हाताखाली वाढले.

पाध्यांच्या घरचा अर्धवटराव हा बोलका बाहुला मात्र वेगळ्या कुळातला. स्वतःचे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करायचं, हा शब्दभ्रमाचा विलायती प्रकार यशवंत केशव पाध्ये यांनी मराठीत रुजवला. रामदास त्यांचे चिरंजीव. बाहुल्याच्या पाठीतून आत गेलेला हात मान फिरवतो, बोटं जबडा हलवतात. खरी परीक्षा प, फ, ब, भ, म यांची. त्यांना ओठ मिटावेच लागतात, आणि शब्दभ्रमकाराला ते मिटता येत नाहीत. मग ‘प’च्या जागी जीभ दातांमागे टेकवून ‘त’च्या जवळचा आवाज काढायचा आणि नेमक्या त्याच क्षणी बाहुल्याचं तोंड मिटवायचं. प्रेक्षकाला ‘प’च ऐकू येतो. हे वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय जमत नाही.

1993च्या ‘झपाटलेला’ चित्रपटातला तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. पण बघणाऱ्याच्या अंगावर काटा आला तो समोर लक्ष्मीकांत बेर्डे जीव ओतून घाबरले म्हणून. माझ्या मते बाहुल्याने नटाशी स्पर्धा केलीच नाही. त्याला नट लागतोच, समोर एक आणि आत एक. आणि या दोघांचीही नावं आपल्याला ठाऊक आहेत.

संघटना म्हणते, टिलीला असंख्य नटांच्या कामावरून शिकवलं; म्हणजे तिच्या आत असंख्य नट आहेत, आणि त्यांतल्या कुणाचंच नाव पडद्यावर येत नाही. त्यांची परवानगी घेतली नाही, मोबदला दिला नाही, हीच संघटनेची तक्रार आहे आणि ती मला शंभर टक्के पटते. म्हणून शहाड-कल्याणहून लोकल पकडून मुंबईत डबिंगला जाणाऱ्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे: आवाज किंवा चेहरा देण्याआधी तो कुठे वापरणार, किती काळ वापरणार आणि त्यावरून यंत्र शिकवणार का, हे करारात लिहून घ्या. तोंडी भरवशावर सही करू नका.