डिझेलच्या काळातले कोकण : एका खेळासाठी मार्गाचा प्रस्ताव

आगगाडी चालवण्याचा अनुभव देणारे संगणकीय खेळ हा काही साहित्याच्या अभ्यासकांचा विषय नव्हे, असे सकृद्दर्शनी वाटेल. परंतु या खेळांसाठी जे ‘मार्ग’ रचले जातात त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहिले, तर ते एका अर्थाने इतिहासलेखनच असल्याचे ध्यानात येते. मार्ग रचणाऱ्याला स्थळ निवडावे लागते, तसा काळही निवडावा लागतो. २००१ साली आलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’मध्ये सहा मार्ग होते. त्यांतला इंग्लंडमधील सेटल-कार्लाइल मार्ग वाफेच्या इंजिनांच्या काळातला होता, तर अमेरिकेतील मारायस खिंडीचा मार्ग आधुनिक डिझेल इंजिनांचा. भारतातला मार्ग त्यांत एकही नव्हता. अशा खेळासाठी निसर्गरम्य डिझेल मार्ग सुचवायचा झाल्यास आम्ही कोकण रेल्वेचा चिपळूण ते वैभववाडी हा टप्पा सुचवू. मात्र ‘निसर्गरम्य’ या विशेषणाविषयी आमची काही हरकत आहे. ती नोंदवणे हाच या लेखाचा खरा हेतू होय.

प्रथम काळाविषयी. रोहे ते मंगळूरजवळचे ठोकूर अशा सुमारे ७४० किलोमीटरच्या या मार्गाची मागणी जुनी. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते या राजापूरच्या खासदारांनी ती लोकसभेत लावून धरली. १९९० साली, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर वाहतूक सुरू झाली. २० जून २०२२ रोजी संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण करण्यात आले. या दोन तारखांच्या मधली चोवीस वर्षे म्हणजे कोकण रेल्वेचे डिझेलयुग. रुळांच्या कडेचे खांब आणि डोक्यावरच्या तारा यांनी आता तेथील दृश्य पालटले आहे. त्या अर्थाने डिझेलचे कोकण इतिहासजमा झाले आहे, आणि ज्यांनी ते पाहिले ते आपल्यात असतानाच त्याची नोंद व्हावयास हवी.

आता स्थळाविषयी. बोरघाटात रेल्वे सह्याद्री चढते; कोकण रेल्वे सह्याद्रीला समांतर धावते. सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्या आणि डोंगरांचे फाटे मात्र पूर्वपश्चिम पसरलेले. त्यामुळे उत्तरदक्षिण जाणाऱ्या रुळांना प्रत्येक नदी ओलांडावी लागते आणि प्रत्येक फाटा भेदावा लागतो. ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे २,००० पूल ही या भूगोलाची अपरिहार्य फलश्रुती. आमच्या टप्प्यात चिपळूणची वाशिष्ठी आहे, संगमेश्वरची शास्त्री आहे, उक्षी आणि भोके या स्थानकांच्या दरम्यान सुमारे साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आहे. रत्नागिरी सोडल्यावर निवसरच्या अलीकडे ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल येतो. मार्गावरचा चढ बेताचा, म्हणजे १५० मीटरला फार तर १ मीटर. तेव्हा येथे चालकाची कसोटी चढावर लागत नाही. ती लागते पावसात.

खेळातील इंजिन म्हणून आम्ही ‘डब्ल्यूडीएम-२’ निवडू. अमेरिकेच्या आल्को कंपनीच्या आराखड्यावरून वाराणसीत बांधलेले हे २,६०० अश्वशक्तीचे, १६ सिलिंडरांचे इंजिन. त्याच्या शक्तीचे आठ टप्पे असतात. रेल्वेच्या भाषेत आठ नॉच. चालकाने घाईने नॉच चढवला की टर्बोचार्जर मागे राहतो आणि काळ्या धुराचा लोट उठतो. खेळाने हा विलंब तंतोतंत उतरवावा. यंत्रालाही स्वभाव असतो, आणि तो चालकाच्या हाताला कळतो, ही गोष्ट वर्णनापेक्षा कृतीतूनच नीट समजते. सिम्युलेटर या माध्यमाचे सामर्थ्य आम्हांला येथे दिसते. प्रवासवर्णनाचा वाचक खिडकीशी बसलेला असतो. या खेळाचा वाचक गाडीला जबाबदार असतो.

आमच्या हरकतीचे मूळ याच भेदात आहे. ‘निसर्गरम्य’ ही खिडकीतून पाहणाऱ्याची दृष्टी आहे. श्रावणातली हिरवीगार कापणी, तिच्यावरून कोसळणारे पाणी, बोगद्याच्या तोंडाशी लोंबणाऱ्या वेली हे प्रवाशाला सौंदर्य वाटते. चालकाला त्याच कापणीत सुटू पाहणारा दगड दिसतो. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसे मरण पावली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला दगडांमुळेच अपघात झाला. त्यानंतर कापण्यांवर लोखंडी जाळ्या, पावसाळ्यातली वाढीव गस्त, पावसाळ्यापुरते निराळे वेळापत्रक, मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाल्यास ताशी ४० किलोमीटरची मर्यादा या गोष्टींना प्राणमोलाचे महत्त्व आले.

म्हणून आमचा प्रस्ताव असा, की हा टप्पा दोन काळांत रचावा : एक १९९८ चा उन्हाळा आणि दुसरा २०१० च्या सुमाराचा पावसाळा. पहिल्यात जांभ्याच्या कापण्या नव्या, उघड्या आणि तांबड्या असाव्यात. वेग मोकळा असावा. दुसऱ्यात त्याच कापण्यांवर जाळ्या असाव्यात, हातात दिवा घेतलेला गस्तवाला रुळांच्या कडेने चालताना दिसावा, चालकाच्या हाती कॉशन ऑर्डर असावी. खेळणाऱ्याला कोणी काही सांगण्याची गरज नाही. दोन्ही फेऱ्या करून पाहिल्यावर मधल्या बारा वर्षांत काय घडले असावे, हा प्रश्न त्याला आपणहून पडेल. अपघात मात्र खेळात आणू नये. ज्या रात्री माणसे गेली तिचे रूपांतर टाळता येण्याजोग्या अडथळ्यात करणे, हा आमच्या मते अपराध ठरेल.

आणखी दोन गोष्टी. हा टप्पा एकेरी रुळांचा. समोरून येणाऱ्या गाडीसाठी एखाद्या लहान स्थानकात थांबून राहणे हा येथील प्रवासाचा अविभाज्य भाग. खेळ रचणारे अशा निष्क्रिय वेळेला कात्री लावतात. ती लावू नये. क्रॉसिंगला उभ्या असलेल्या गाडीत पावसाचा आवाज ऐकत बसल्याखेरीज गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याचा काळ कळणार नाही. तसेच, मालगाडीच्या डब्यांवर भरलेले ट्रक घेऊन कोलाड ते वेर्णा जाणारी ‘रोरो’ सेवा १९९९ पासूनची. तिची एक फेरी अवश्य असावी. आपापल्या ट्रकमध्ये बसून रेल्वेने जाणारे चालक हे या मार्गाचे खास दृश्य आहे.

रत्नागिरीला हा मार्ग बांधताना प्राण गमावलेल्या कामगारांचे स्मारक आहे. धावत्या इंजिनातून ते दिसत नाही, आणि जे इंजिनातून दिसत नाही ते खेळात सहसा रचले जात नाही. करबुड्याचा बोगदा आणि पानवलचा पूल ज्यांनी उभा केला त्यांची आठवण मात्र तेथेच आहे. आमच्या मार्गात रत्नागिरी स्थानकावर गाडी दहा मिनिटे थांबेल. तेवढ्या वेळात खेळणाऱ्याला इंजिनातून उतरून तिथवर चालत जाता यावे, एवढीच अट आम्ही या प्रस्तावास जोडतो.