इथेनॉलची वाहतूक : धोका वेगळा, खबरदारीही वेगळी हवी

जबलपूर : मध्य प्रदेशातील जबलपूरजवळ शाहपुरा भिटौनी स्थानकाच्या हद्दीतील साइडिंगमध्ये ६ जून २०२३ च्या रात्री एलपीजी वाहून नेणाऱ्या मालगाडीच्या दोन वाघिणी रुळांवरून घसरल्या. अनर्थ टळला, मात्र वस्त्यांजवळून होणाऱ्या इंधन वाहतुकीतील जोखीम त्यातून अधोरेखित झाली. या वाहतुकीत आता इथेनॉलचा वाटा वाढतो आहे.

राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० ऐवजी २०२५-२६ पर्यंत गाठण्याचे ठरले. इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने ते सहसा डेपोतच पेट्रोलमध्ये मिसळले जाते. परिणामी डिस्टिलरीपासून डेपोपर्यंत ते स्वतंत्रपणे, मुख्यतः टँकरमधून न्यावे लागते.

इथेनॉलचा ज्वलनांक सुमारे १३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे सामान्य तापमानातही त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने गटारे व खोलगट जागांत साचते. शुद्ध इथेनॉलची फिकट निळी ज्वाला भर उन्हात सहज दिसत नाही. ते पाण्यात पूर्णपणे मिसळत असल्याने पेट्रोलच्या आगीवर वापरला जाणारा साधा फेस त्यावर टिकत नाही. त्यासाठी अल्कोहोलरोधक फेस लागतो. नदी-नाल्यात सांडलेले इथेनॉल तेलाच्या तवंगाप्रमाणे वेगळे काढता येत नाही आणि त्याच्या विघटनात पाण्यातील प्राणवायू घटतो.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात चेरी व्हॅली येथे १९ जून २००९ रोजी इथेनॉलवाहू मालगाडी घसरून आग लागली. फाटकाजवळ थांबलेल्या वाहनांतील एका महिलेचा मृत्यू झाला आणि परिसरातील सुमारे ६०० घरे रिकामी करावी लागली.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रसंघाचा क्रमांक व आपत्कालीन दूरध्वनी दर्शविणारा फलक आवश्यक आहे. इथेनॉलचा क्रमांक ११७० आहे. चालकाने विशेष प्रशिक्षण घेतलेले असणेही बंधनकारक आहे.

टँकर उलटल्यास नागरिकांनी वाऱ्याच्या उलट दिशेला दूर जावे, वाहन सुरू करू नये, सांडलेले इंधन गोळा करू नये आणि ११२ वर कळवताना शक्य असल्यास फलकावरील क्रमांक दुरूनच वाचून सांगावा. टँकर आगीत सापडल्यास चहूबाजूंनी ८०० मीटर परिसर रिकामा करावा, असे उत्तर अमेरिकेतील आपत्कालीन मार्गदर्शिका सांगते. वाहतूक मार्गांवरील अग्निशमन केंद्रांत योग्य फेसाचा साठा आहे की नाही, याची खातरजमा मात्र अपघातापूर्वीच व्हायला हवी.